काठाची दोन घरं

गिरण्यांच्या संपाला आठ महिने झाले तेव्हा बाबांनी पहिल्यांदा माझ्या कागदाच्या पट्ट्यांना हात लावला. तोवर ते दिवसभर गॅलरीत बसायचे, नाहीतर नायगावला काकांकडे चालत जायचे आणि चालत परत यायचे. काका त्यांचे धाकटे भाऊ, दुसऱ्या गिरणीत, तेही संपावर. दोघं तिथल्या गॅलरीत बसायचे. एवढाच काय तो फरक.

मी परळच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते. लालबागच्या आमच्या चाळीतून पायी वीस मिनिटं. चाळीत मला लॅबवाली म्हणत. मी रक्त-लघवी तपासते असा बऱ्याच जणांचा समज होता, आणि एकदोघींनी तर सकाळीसकाळी बाटल्याही आणून दिल्या. पहिल्यांदा मी समजावून सांगितलं. नंतर बाटल्या घेऊन सरळ कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पोचवायला लागले. ते सोपं पडायचं.

माझं काम काय ते एकदाच सांगते, मग त्रास देणार नाही. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी वीस तऱ्हांचे. ही माळ सरळ राहत नाही, स्वतःभोवती वळून एक ठरावीक आकार घेते. काही भाग पिळदार होतो, काही सपाट, उरलेला मोकळा. कुठला भाग कसा वळलाय हे खात्रीने कळायचं तर त्या प्रथिनाचे स्फटिक करावे लागतात, त्यांच्यावर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि एकेका प्रथिनापायी माणसांची वर्षं जातात. आमच्या सरांचं म्हणणं होतं की नुसता मण्यांचा क्रम बघून आकाराचा अंदाज बांधता येईल. त्यासाठी त्यांनी दहाएक वर्षं खपून एक तक्ता केला होता. तक्त्याचा अंदाज एका बाजूला, स्फटिकातून निघालेलं उत्तर दुसऱ्या बाजूला. दोन्ही ताडून बघायचं आणि तक्ता कितपत खरा ते सांगायचं. ज्या प्रथिनांवरून तक्ता बनवला ती मात्र घ्यायची नाहीत, नाहीतर आपणच पेपर काढून आपणच सोडवल्यासारखं होतं. हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सर त्या बाबतीत कडक होते.

संस्थेत कॉम्प्युटर होता, पण आमच्या विभागाचा नंबर आठवड्यातून एकदा. तेवढ्यात अंदाज छापून मिळायचे. ताडणी मी हाताने करायचे. आलेखाच्या कागदाच्या लांब पट्ट्या कापायच्या, एका मण्याला एक घर. पिळदार भागाला लाल पेन्सिल, सपाट भागाला निळी, मोकळा भाग कोरा. वरची पट्टी प्रयोगाची, खालची अंदाजाची. जिथे खालचा रंग वरच्याशी जुळत नाही तिथे फुली मारायची. शेवटी फुल्या मोजून एकूण घरांतून वजा करायच्या. दिसायला पोरखेळ. पण एकेका प्रथिनात शंभर-दोनशे घरं, आणि प्रथिनं पन्नासाच्या घरात. दुपारनंतर माझे डोळे चुरचुरायला लागायचे, म्हणून मी पट्ट्या घरी आणून सकाळच्या उजेडात करायचे.

तर त्या सकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघत होते. मग खाली वाकून एका घरावर बोट ठेवलं. मी तिथे फुली मारायची विसरले होते. मी मारली. त्यांनी आणखी एक दाखवलं. मग बसलेच खाली मांडी घालून.

बाबा तीस वर्षं गिरणीत. आधी साच्यांवर, म्हणजे कापड विणायला. गुडघे बोलायला लागले तेव्हा शेवटची सात वर्षं कापड तपासायच्या टेबलावर. समोरून कापड सरकत जायचं आणि बाबांनी त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेली वीण पकडायची. त्या टेबलाचा एक नियम होता, तो ते साच्यांवर असल्यापासूनच, माझ्या लहानपणापासून, आम्हाला ऐकवायचे. डाग सापडला की ज्याच्या साच्यावरचं कापड असेल त्याला बोलवायचं, कापड पसरायचं, आणि बोट ठेवून त्याला दाखवायचं. त्याने बघितल्याशिवाय वहीत चढवायचं नाही. त्याच्या मागे तर बोलायचंच नाही. नवशिका असो की म्हातारा, सगळ्यांना तोच नियम. एकदा तर काकांच्या मेहुण्याला दाखवला होता, आणि त्यावरून दिवाळीत दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

मी पट्ट्या त्यांच्याकडे सोपवल्या. सरळ आहे ना, माझे डोळे वाचत होते. रंग मी भरायचे, फुल्या बाबा मारायचे, मोजून वजाबाकी परत मी. सांगितलं एवढंच, की वरचं आणि खालचं जुळलं नाही की फुली. त्यांनी मान हलवली. असलं काम त्यांना काय शिकवायचं, असं मला वाटलं. माझी चूक तिथेच झाली, पण ते खूप नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी सातला दाढी करून, धुतलेला शर्ट घालून खिडकीपाशी बसायला लागले. आईने अंथरूण तिथून हलवलं. ती तेव्हा लालबागेतच एका मसाल्याच्या दुकानात निवडणं-टिपणं करायला जायची, हातांना मिरचीचा वास कायम. जाताना ती बाबांचा चहा पट्ट्यांपासून लांब ठेवायची, कारण पहिल्याच आठवड्यात एक पट्टी भिजली होती आणि बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मला तो आरडाओरडा बरा वाटला. आठ महिन्यांत त्यांचा आवाज असा चढलाच नव्हता.

हे मला नीट सांगायला हवं. बाबा तोवर काही वेडंवाकडं करत नव्हते. प्यायचे नाहीत, भांडायचे नाहीत. नुसते विझत चालले होते. जेवायला बसले की आई वाढेल तेवढं खायचे, वाढलं नाही तर मागायचे नाहीत. चाळीतली बाकीची माणसं अंदाज करत बसायची. गणपतीपर्यंत मिटेल, दिवाळीपर्यंत मिटेल, पोरांच्या परीक्षांपर्यंत तरी. अंदाज चुकला की नवा. मागचा कोणी काढून बघायचं नाही, ताडायचं तर नाहीच. बाबा त्यातही नसायचे. आता ते गॅलरीत येऊन सांगायला लागले की पोरीच्या लॅबचं काम अंगावर आहे, बोलायला सवड नाही. मला त्यांना मदत करायची होती असं नव्हे, मी एवढी चांगली नाही. पण ते काम गेलं तर हा माणूस गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सहा महिन्यांत पन्नासही प्रथिनं झाली. मी आकडे मांडले. सरांचा तक्ता तेव्हाच्या सगळ्या पद्धतींच्या वर निघाला. थोडाथोडका नाही, चांगलाच वर. सरांनी माझ्याकडून कागद घेतला, बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. ते फार बोलणारे नव्हते. त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला चहाबरोबर बटाटेवडे मागवले. लेख लिहून परदेशातल्या नियतकालिकाला पाठवला, त्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव. मी घरी सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले की माल चांगला होता. पण त्या संध्याकाळी ते नायगावला गेले आणि काकांना, काकूंना, शेजारच्यांना, सगळ्यांना सांगून आले. नवीन येणाऱ्या प्रथिनांच्या तुरळक पट्ट्या त्यांच्याकडे चालूच होत्या.

चारेक महिन्यांनी पत्र आलं. लेख छापण्याआधी ज्याने तपासला त्या परीक्षकाने एक साधा प्रश्न विचारला होता. अशा पद्धती नेहमी पिळदार आणि सपाट भागांच्या टोकांना चुकतात, भाग सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे ते त्यांना नेमकं कळत नाही. तर तुमच्या एकूण चुकांपैकी किती चुका टोकांना आहेत? सरांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मोजून टाक.

मी कपाटातून पट्ट्या काढल्या. पहिल्या पट्टीत टोकाला एकही फुली नाही. दुसरीत नाही. म्हटलं, असेल. पाचवी, दहावी, तेरावी. रंग बघितले तर टोकांना वरचं आणि खालचं सरळसरळ वेगळं होतं. वर लाल संपलेला, खाली अजून दोन घरं लाल चालूच. आणि फुली नाही. माझ्या हातच्या सुरुवातीच्या दोनचार सोडल्या तर एकाही पट्टीत टोकाची फुली नव्हती.

पायाखालची वाळू बिळू काही सरकली नाही. मी डबा उघडला, भाजी-पोळी खाल्ली, डबा धुतला. मग परत येऊन बसले.

घरी गेल्यावर मी बाबांना आडून विचारलं. गिरणीत कापड तपासताना काठाचं काय करायचे? त्यांना प्रश्नाचा आनंदच झाला. काठाजवळची दोन बोटं सोडायची, म्हणाले. काठाला वीण थोडी इकडेतिकडे होणारच, तो डाग धरत नाहीत. धरायला गेलं तर कापडाचा एकही तागा पास होणार नाही, आणि साचेवाला बिचारा फुकट बोलणी खाईल. डाग धरायचा तो अंगातला. हाताने काठ चिमटीत धरल्यासारखं करून त्यांनी मला दोन बोटं मोजून दाखवली. मग मला म्हणाले, तुझ्या पट्ट्यांचंही मी तसंच करतो, रंगाच्या काठाची दोन घरं धरत नाही. सांगताना चेहऱ्यावर कसलाही आडपडदा नव्हता. अर्थात का असावा? तीस वर्षं ज्याला चोख काम म्हणत आले, तेच त्यांनी केलं होतं.

मी हं म्हटलं आणि ताट घ्यायला उठले. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण समोर धुतलेला शर्ट होता, कानावर खोचलेली पेन्सिल होती. मला वाटलं, हे त्यांना झेपणार नाही. एका गिरणीने बाहेर ठेवलंय, आता मी पण ठेवू?

लॅबमध्ये बसून मी पन्नास प्रथिनांची ताडणी नव्याने केली, दोन महिने लागले. टोकं धरल्यावर सरांचा तक्ता घसरला. जुन्या पद्धतींच्या बरोबरीला आला, काही प्रथिनांत तर खालीच. सरांना कागद दिला. त्यांनी तो आधीच्याच शांतपणे बघितला. विचारलं, पहिली मोजणी कोणी केली होती? मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग स्वतः पत्र टाइप करून लेख मागे घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं नव्हतं, आज वाटतं. दहा वर्षांचा तक्ता होता त्यांचा. वाईट वाटायला हवं होतं मला, पण वाटेल तर शपथ. संध्याकाळी मी परळच्या नाक्यावर उभी राहून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि खात घरी आले.

पुढे सरांनीच सुचवलं की टोकांवरच काम कर. अंदाज टोकांनाच का चुकतो, हाच प्रबंध. त्यात आणखी दोन वर्षं गेली.

आणि घरी? घरी मी बाबांना पट्ट्या देतच राहिले. त्याच जुन्या. रबराने त्यांच्या फुल्या खोडायच्या, ब्रेडचा कुस्करा फिरवून कागद साफ करायचा आणि नव्या म्हणून द्यायच्या. मोजणी संपलीय असं सांगितलं तर ते परत गॅलरीत जाणार होते. एकदा पन्नास संपल्या की पहिलीपासून परत. ते फुल्या मारायचे, मी पट्ट्या लॅबमध्ये न्यायचे, खोडायचे, आणायचे. कोणी मला विचारलं असतं की हे काय चालवलंयस, तर मी म्हटलं असतं की बाबांसाठी. आणि मला ते खरंही वाटत होतं.

संप मिटला असं कोणी जाहीर केलंच नाही. काही गिरण्या सुरू झाल्या, काही माणसं आत गेली. बाबांच्या गिरणीच्या गेटवर यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. काकांना वडाळ्याला एका गोदामात रखवालदारी मिळाली. बाबांनाही तिथे विचारलं होतं, पण ते म्हणाले की हातातलं काम टाकून कसा येऊ. आईने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक नव्हतं, पण पट्ट्यांना चिकटून आलेला रबराचा चुरा झाडून तीच काढायची. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की मी माझ्या बापाला खिडकीपाशी बांधून घातलंय.

तरी मी पट्ट्या देतच राहिले.

प्रबंध बांधून आला तो शनिवार होता. निळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. रविवारी सकाळी मी तो घरी दाखवला. आईने हात पुसून वरून हात फिरवला आणि देवासमोर ठेवला. थोड्या वेळाने बाबांनी तो उचलला, खिडकीपाशी नेला आणि एकेक पान उलटायला लागले. इंग्रजी मजकुराशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी निर्धास्त होते. आकृत्या आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी शिकलेली मी.

एका पानावर ते थांबले. तिथे दोन पट्ट्या एकाखाली एक छापल्या होत्या, आणि टोकांना फुल्या. त्यांनी उठून ट्रंकेवरची पट्टी आणली, त्या आठवड्यात मी दिलेली. पानाशेजारी ठेवली. तेच प्रथिन होतं. पुस्तकात टोकांना फुल्या, त्यांच्या पट्टीत नाहीत. ते वाकून एकेक घर बघत गेले. मी पोळ्यांना तेल लावत होते, तो हात तसाच राहिला.

शेवटच्या घराशी पोचल्यावर त्यांनी वर बघितलं. आवाज चढला नव्हता. गावच्या बोलीत म्हणाले, “काठ धरूचो, ह्या माका सांगूचा होता गो. धरलो असतो मी.”

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

त्यांनी पट्टी उलटी केली आणि मागचा कोपरा मला दाखवला. तिथे पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, चार. पट्टी जितक्यांदा त्यांच्या हातात आली तितक्या. तपासलेल्या ताग्याच्या कोपऱ्यावर खूण करायची त्यांची जुनी सवय. मी पुढची बाजू खोडत होते, मागे कधी बघितलंच नव्हतं. ते म्हणाले की दुसऱ्या खेपेलाच ओळखलं होतं, एकदा डोळ्याखालून गेलेलं डिझाइन मी विसरत नाही. पोरीला मला गुंतवून ठेवायचंय, तर ठेवू दे, असं त्यांना वाटलं होतं. मी घरी आले आणि ते पट्टी घेऊन बसलेले दिसले की माझा चेहरा जरा सुटतो, हेही त्यांनी बघून ठेवलं होतं. म्हणून दोन वर्षं ते तीच फुली परत परत मारत राहिले, माझ्यासाठी. वडाळ्याचं काम नाकारलं तेही त्यासाठीच.

मला रडू आलं नाही. शरम वाटली. ती अजून आहे, इतकी वर्षं झाली तरी. त्या माणसाची तीस वर्षं डागांतच गेली. आधीची तेवीस साच्यावर उभं राहून, दुसऱ्याने दाखवलेले स्वतःचे डाग बघण्यात, शेवटची सात दुसऱ्यांना दाखवण्यात. कापड पसरायचे, बोट ठेवायचे, बघ म्हणायचे. साचेवाला बघायचा, मान हलवायचा आणि परत साच्यावर जायचा. डाग दाखवल्याने त्याचं काही तुटत नव्हतं. मी एकटीने ठरवलं की तुटेल. सरांना मी मोजणी होताच कागद दिला, पण बापाच्या मागे मी दोन वर्षं रबर फिरवत बसले. मी त्यांना सांगितलं की माझं चुकलं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी चष्मा सारखा केला, कानावरची पेन्सिल घेतली आणि पट्टी जमिनीवर पसरली. काठ धरून पहिल्या घरापासून सुरुवात केली. मी तवा उतरवून समोर बसले. आईने माझ्या हातातला तेलाचा चमचा काढून घेतला. अर्ध्या तासाने त्यांनी पट्टी माझ्याकडे सरकवली.

“बघ,” म्हणाले, “डाग सुटलो काय खंय?”

मी पुस्तकाशी ताडत गेले, एकेक घर. शेवटून तिसऱ्या लाल भागाच्या काठाला एक फुली सुटली होती. मी थांबले. ते माझ्याकडे बघत होते.

मी त्या घरावर बोट ठेवलं आणि त्यांना दाखवलं.